पाचटाची खोप आणि पाठीखालची थंडी

थंडीतल्या निवाऱ्याचा सराव म्हणून रानात खोप, म्हणजे लहानशी झोपडी, बांधायला मी आणि माझा मुलगा मामांकडे गेलो होतो. मंगळवेढ्याजवळच्या त्यांच्या शेतावर पोहोचून चहा होतो न होतो तोच मामांनी बजावले, "कडब्याला हात लावायचा न्हाई. तुमची खोप दोन रातींची, माझ्या जनावरांना पुरा उन्हाळा काढायचाय." त्यांचे म्हणणे मला तत्काळ पटले. या तालुक्यातील काळ्याभोर जमिनीत मालदांडी ज्वारी येते ती पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर. तिच्या दाण्याइतकाच तिचा कडबाही मोलाचा असतो आणि जानेवारीत नवे पीक अजून उभे असताना गंजीत जे उरलेले असते ते मागच्या वर्षीचे, पुरवून पुरवून वापरायचे असते. जनावरांच्या तोंडचा घास काढून आपण उबेत झोपावे, हे मला स्वतःलाही रुचले नसते.

मामांनी मग दुसरा मार्ग दाखवला. शेजारच्या शिवारात आठवडाभरापूर्वी उसाची तोड झाली होती आणि फडात गुडघ्याएवढे पाचट (उसाचा वाळलेला पाला) पडले होते. एका हेक्टरातून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. पुष्कळ शेतकरी ते जागच्या जागी पेटवून देतात आणि त्याबरोबर जमिनीला मिळू शकणारे सेंद्रिय खतही धुरात जाते, याची मला दर हिवाळ्यात हळहळ वाटते. त्या फडाचा मालक मात्र पाचट सरीतच कुजवणारा निघाला. "लागेल तेवढं न्या, पण काम झाल्यावर जिथलं तिथं पसरून द्या," एवढ्याच अटीवर त्याने आम्हाला मोकळीक दिली. आढ्याला आणि वाशांना सुबाभळीचे सोट मामांच्या बांधावरच होते, नुकत्याच काढलेल्या तुरीच्या तुराट्या खळ्याशेजारी रचलेल्या होत्या आणि बांधायला सुंभाचा एक भेंडोळा मामींनी माळ्यावरून काढून दिला.

मी सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजच्या वयात हिमालयात गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केला होता आणि त्यात बर्फाचा निवारा बांधून त्यात एक रात्र काढली होती. त्या रात्रीची गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की यंदा दिवाळीत माझ्या नववीतल्या मुलाने सरळ विचारले, "आई, बर्फच नसेल तर? आपल्याकडे रानात अडकलो तर तू काय बांधशील?" प्रश्न रास्त होता. सोलापूर म्हटले की सगळ्यांना मे महिन्यातले 43-44 अंश आठवतात, परंतु संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे उघड्या माळावर जो उभा राहिला आहे, त्याला इथल्या कोरड्या थंडीची ओळख असते. ढग नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे झपाट्याने सोडून देते, हवेत बाष्प कमी असल्याने ती अडत नाही आणि दिवसा 30 अंशांवर गेलेला पारा पहाटे कधीकधी 10 च्या आसपास येतो. एवढ्या थंडीत निरोगी, कोरडा, पोटभर जेवलेला माणूस मरत नाही. पण भिजलेला, थकलेला, उपाशी माणूस नक्कीच संकटात येऊ शकतो. आपल्या शरीराच्या आतले तापमान 37 अंशांच्या आसपास असते आणि ते 35 च्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बाहेर बर्फ असण्याची मुळीच गरज नसते.

म्हणून संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही दोघे एसटीने निघालो. बरोबर कोयता, मोजपट्टी, दोन तापमापी आणि दोन विजेऱ्या एवढेच सामान होते. नियम असा ठरला होता, की पांघरूण म्हणून प्रत्येकी फक्त एक सोलापुरी चादर घ्यायची आणि बाकी सगळी ऊब रानात मिळेल त्यातून उभी करायची.

जागा निवडण्यातच निम्मे काम होते, हे मला आधीपासून ठाऊक होते आणि तिथे आमची चूक झाली नाही. ओढ्याकाठची जागा दिसायला सुरेख, झाडांच्या सावलीची होती, परंतु थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन अशाच खोलगट जागी साचते. काळ्या रानाचा सपाट तुकडाही मी नाकारला, कारण त्या मातीत ओल टिकते आणि वाळताना तिला हातभर खोल भेगा पडतात. त्या भेगांमध्ये कोण राहते हे पाहण्याची माझी इच्छा नव्हती. आम्ही बांधापलीकडचा मुरमाड माळ घेतला. तो ओढ्यापासून दोन पुरुष उंचावर होता, पाणी धरून ठेवणारा नव्हता आणि उत्तरेला दगडांचा रचलेला बांध असल्यामुळे त्या बाजूचा वारा आपोआप अडत होता. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून येतो, म्हणून दार दक्षिणेकडे ठेवायचे ठरले. डोक्यावर एक जुना कडुलिंब होता. झाडाखाली झोपले की मोकळ्या आकाशाकडे जाणारी उष्णता काही अंशी पानांनी अडते, हा त्याचा उपयोग, मात्र वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे आधी मान वर करून नीट पाहून घ्यावे.

पहिली खोप आम्ही मोठ्या हौसेने बांधली. दोन मेढी उभ्या केल्या, त्यांच्या बेचक्यांत आढे टाकले, दोन्ही बाजूंनी वासे लावून त्यांवर तुराट्या आडव्या बांधल्या आणि त्यावर पाचटाची शाकारणी केली. आत मला उभे राहता यावे म्हणून उंची सहा फूट, पायथ्याशी रुंदी आठ फूट आणि लांबी दहा फूट ठेवली. शाकार चांगला हातभर जाडीचा होता. संध्याकाळी आत बसलो तेव्हा पाचटाच्या फटींतून एकही किरण येत नव्हता आणि मुलाला तर ते घर वाटू लागले होते. जमिनीवर आम्ही दोन-तीन बोटे पाचट पसरले, त्यावर एक पोते घातले आणि अंगावर चादरी ओढून झोपलो.

अकरापर्यंत झोप बरी लागली. त्यानंतर मी दर अर्ध्या-पाऊण तासाने जागी होत राहिले आणि दर वेळी थंडी एकाच ठिकाणाहून येत होती. कंबर, खुबा आणि खांदा, म्हणजे ज्या कुशीवर मी असेन त्या कुशीची टेकलेली हाडे, गार पडलेली असत. चादर वरून कितीही घट्ट लपेटली तरी त्यात फरक पडत नव्हता. चार वाजता मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसला आणि त्याचे दात वाजत होते. मी तापमापी पाहिल्या: बाहेर 9 अंश, आत 11. हातभर जाडीचे छप्पर आम्हाला अवघे दोन अंश मिळवून देत होते. आम्ही उठून मामींच्या चुलीपुढे जाऊन बसलो. एक मुलगा बरोबर असताना कुडकुडण्याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटले नाही आणि ते कुणीही करू नये. कुडकुडणे हा शरीराने दिलेला पहिला स्पष्ट इशारा असतो, आणि थंडी असूनही कुडकुडणे थांबले, बोलणे अडखळू लागले, तर मामला हाताबाहेर चालला आहे असे समजावे.

चुलीपुढे बसून मी हिशेब मांडला. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण 80 ते 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. आमच्या खोपीत चूल नव्हती, तेव्हा आम्ही दोघे हीच तिथली शेगडी. पहिल्या खोपीच्या पोटात सुमारे 240 घनफूट हवा होती. एवढी हवा दोन बल्बांनी तापवायची आणि ती वरच्या आढ्याशी जाऊन बसायची, तर जमिनीलगत पडलेल्या आम्हाला तिचा काय उपयोग? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे आणि गवत, पाचट, लोकर, कापूस यांची ऊब ही खरे तर त्यांच्यात अडकलेल्या हवेची ऊब असते. माती मात्र उष्णता पटकन ओढून घेते, आणि आपल्या वजनाने पाचट दाबले गेले की त्यातली हवाच निघून जाते. दोन-तीन बोटे पाचटाचे आमच्याखाली बोटभरही उरले नव्हते. पोत्याखालच्या त्या मुरमाला आम्ही रात्रभर तापवत होतो आणि माळ काही तापणार नव्हता.

हे सगळे मी पुस्तकातून जाणत होते आणि हिमालयात अनुभवलेही होते. तरीही बांधताना हात छपराकडेच गेले, याचे मला दुसऱ्या दिवशी खूप वाटले. घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छप्पर उभे राहते, अंथरूण नाही. इथे पाऊस नव्हता, बर्फ नव्हता, आणि तरी आम्ही दिवसभराच्या श्रमांतला नव्वद टक्के भाग डोक्यावरच्या आच्छादनावर घालवला होता.

शनिवारी सकाळी पाचटाचे भारे आणायला फडाकडे गेलो तेव्हा वाटेत ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. बीडकडची कुटुंबे होती. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की ही मंडळी पाच-सहा महिने आपल्या जिल्ह्यांच्या माळांवर अशीच राहतात. बांबूच्या कमानी, त्यांवर चटई आणि पाचट, अलीकडे वरून ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद. एवढ्यात संसार, लेकरे, भांडी सगळे सामावलेले असते. मी दोन रात्रींच्या शिकण्यासाठी जे करत होते ते त्यांचे संपूर्ण हिवाळ्याचे घर होते, आणि तिथे उभे राहून काही विचारताना माझा आवाज आपोआप खाली आला. एक बाई भाकरी थापत होत्या. मी त्यांना रात्रीचा प्रकार सांगितला. त्यांनी काठवटीतून हात न काढता विचारले, "खाली किती टाकलं हुतं?" मी बोटांनी दाखवले. त्या म्हणाल्या, "ताई, हिव वरून येत न्हाई, खालून येतंय. लेकरू निजवायचं तर गुडघ्याएवढं टाका, मग ते बसून वीतभर ऱ्हातंय."

भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले आणि मला कोपीच्या आत नेऊन अंथरूण दाखवले. पाचट नुसते पसरलेले नव्हते. खालच्या थराची पाने एका दिशेने, वरच्या थराची त्याला आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, अशी चार-पाच थरांची ती रचना होती. त्यामुळे ते बाजूला सरकत नव्हते आणि दाबल्यावर पुन्हा थोडे फुगत होते. कडेने चारही बाजूंना उसाच्या टिपऱ्यांची चौकट रोवलेली होती, म्हणजे रात्री कूस बदलताना पाचट पांगून पाठ उघड्या जमिनीवर येणार नाही. वर पोते, पोत्यावर वाकळ. उसाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या धारदार असतात आणि त्यांवरची बारीक कुसे अंगाला लागली की आग होते, म्हणून पोते आवश्यकच. त्यांनी मूठभर पाने उचलून पिळा दिला, तो मधोमध दुमडला आणि उशीच्या जागी ठेवून दाखवला. हे सगळे करायला त्यांना दोन मिनिटेही लागली नसतील. माझ्या सबंध हिशेबाचे उत्तर त्या चौकटीत होते.

दुसरी खोप आम्ही जुनी मोडून तिच्याच सामानातून बांधली, परंतु तिचा आकार पूर्णपणे बदलला. या वेळी मेढी दोनच, त्याही कमरेएवढ्या, तोंडाशी एकमेकींना टेकवून कात्रीसारख्या बांधलेल्या. नऊ फुटांच्या आढ्याचे एक टोक त्या कात्रीत साडेतीन फुटांवर ठेवले आणि दुसरे टोक पायांकडे सव्वा फुटाच्या दगडी रासेवर. मी पाच फूट तीन इंच आहे, म्हणजे आढे माझ्या उंचीच्या पावणेदोन पट झाले, कारण झोपल्यावर डोक्यापुढे दाराचा बोळा ठेवायला जागा लागते. तोंडाशी रुंदी पाच फूट, पायांकडे दोन फूट. पोटातली जागा मोजली तर सुमारे 40 घनफूट भरली, पहिल्या खोपीच्या सहाव्या हिश्शाएवढी. आत बसताही येत नव्हते, सरपटतच जावे लागत होते. मुलाला ते आवडले नाही आणि मी त्याची समजूत घालत बसले नाही. जगण्यासाठी बांधलेला निवारा हा अंगरख्यासारखा असावा, दिवाणखान्यासारखा नव्हे, हे रात्री कळणारच होते.

आढ्याच्या दोन्ही अंगांना वीत-वीत अंतरावर वासे टेकवले. त्यांची टोके आढ्याच्या वर चार बोटांहून अधिक जाऊ दिली नाहीत, कारण वर आलेल्या टोकांवरून दहिवराचे आणि पावसाचे पाणी निथळून थेट आत येते. वाशांवर तुराट्यांची दाट जाळी बांधली. तुरीला पुष्कळ फाटे असतात, त्यामुळे पाचट तिच्यात गुंतून बसते आणि आत गळत नाही. या कामाला तुराटीइतकी सोयीची वस्तू आपल्या भागात दुसरी नाही असे माझे मत झाले आहे. मग शाकारणी नेहमी खालून वर: पहिली पेंढी जमिनीलगत, दुसरी तिच्यावर निम्मी चढवून, आणि पानांची टोके सदैव खाली. पाखे उभे ठेवले, कारण उतार कमी असला तर पाणी वाहून न जाता झिरपते. सगळ्यात वर पुन्हा थोड्या तुराट्या टाकून शाकार वाऱ्याने उडू नये म्हणून दाबला. छपराची जाडी आम्ही पहिल्या दिवसाएवढीच, हातभर ठेवली. कडाक्याच्या, शून्याखालच्या थंडीत मात्र ती दोन ते तीन फूट लागते, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला ती खोप नसून पाचटाचा ढीगच वाटला पाहिजे.

शाकारणी दुपारी दोनला संपली आणि उरलेला सगळा वेळ आम्ही अंथरुणाला दिला. त्या बाईंनी दाखवल्याप्रमाणे टिपऱ्यांची चौकट रोवली, आडवे-उभे सहा थर दिले. भरून झाले तेव्हा ते तोंडाच्या बाजूला माझ्या गुडघ्याच्या वर, वीस इंच होते. मुलाला त्यावर लोळायला लावले. बसले की पुन्हा भर टाकली, पुन्हा लोळायला लावले. शेवटी दोन पोती पसरली. काम करताना एका गोष्टीचा मी आग्रह धरला: घाम येऊ द्यायचा नाही. दुपारच्या उन्हात स्वेटर काढून, सावकाश, मध्ये थांबत काम केले. ओल्या कपड्यात हवेच्या जागी पाणी भरते आणि पाणी उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने वाहून नेते, त्यामुळे दुपारचा घाम रात्री अंगाशी वैर करतो.

हिमालयातल्या त्या निवाऱ्यातही हेच तत्त्व होते, फक्त पाचटाच्या जागी बर्फ होते. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांपर्यंत हवा असू शकते, म्हणूनच ते ऊब धरून ठेवते. आम्ही फावड्यांनी पुरुषभर उंचीचा ढीग रचला आणि दीड-दोन तास त्याला हात लावला नाही, कारण तेवढ्या वेळात हिमकण एकमेकांना चिकटून ढीग घट्ट होतो. मग बाहेरून फूट-फूट लांबीच्या काड्या सगळीकडे खोचल्या आणि आतून पोकळ करताना काडीचे टोक दिसले की तिथे खोदणे थांबवले, म्हणजे भिंत सर्वत्र सारख्या जाडीची राहते. झोपण्याचा ओटा दारापेक्षा उंच ठेवला, जेणेकरून थंड हवा दाराकडे उतरून जावी. छताला आतून हात फिरवून गुळगुळीत केले, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावरून थेंब गळतात. मुठीएवढे एक छिद्र वर ठेवले आणि रात्री ते बर्फाने बुजले नाही ना हे आळीपाळीने पाहिले, कारण श्वासाला हवा कमी पडली तर उबेचा काही उपयोग नाही. बाहेर शून्याखाली बरेच अंश असताना आत पारा शून्याच्या आसपास टिकला होता. आणि तिथेही प्रशिक्षकांनी ओट्यावर दोर, रिकाम्या पिशव्या, वाळक्या फांद्या, जे मिळेल ते पाठीखाली घ्यायला लावले होते. ती आठवण मला पहिल्या रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी आली.

सोलापूरकरांनी थंडीतल्या निवाऱ्याचा विचार करावा आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येऊ नये, असे होत नाही. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि 1939 च्या हिवाळ्यात येनानला पोहोचला. त्या भागात पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेली लेण्यांसारखी घरे असतात, दवाखानेही तशाच गुहांत चालत. डोंगराच्या पोटात काही फूट आत गेले, की बाहेरच्या थंडी-उन्हाळ्याचा फारसा परिणाम होत नाही, हा त्या घरांचा आधार. पण मला त्याहून भावते ती उत्तर चीनमधली 'कांग' नावाची व्यवस्था. तो विटा-मातीचा एक ओटा असतो, चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरून बाहेर जातो आणि घरातली माणसे त्या कोमट ओट्यावर झोपतात. घर तापवण्याऐवजी अंथरुणाची जागा तापवायची, हा विचार त्या बाईंच्या गुडघाभर पाचटाहून फार वेगळा नाही. सोलापूरच्या उन्हात वाढलेले कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडच्या थंड मुलखातच गेले. त्यांचे घर आज सोलापुरात स्मारक म्हणून जपले आहे आणि मुलाला मी ते लहानपणीच दाखवले आहे. या रात्रीनंतर आम्ही तिथे पुन्हा जाणार आहोत.

खोपीतल्या विस्तवाबद्दल मात्र मी कुणाशीही वाद घालणार नाही. वाळलेले पाचट ठिणगीसरशी पेटते आणि सरपटत बाहेर पडायच्या आत सगळे संपते, त्यामुळे आत मेणबत्तीसुद्धा नको. शेगडीतले विझत आलेले निखारेही नकोत, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. आम्ही शेकोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला पंचवीस पावलांवर, जमीन खरवडून, दगडांच्या रिंगणात केली आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवली.

दुसरी काळजी विंचू-सापांची. थंडीत साप कमी हिंडतात, पण उबेच्या शोधात अंथरुणाशी येऊ शकतात, आणि मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसालाच रात्री चावते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. म्हणून पाचटाची प्रत्येक पेंढी काठीने झोडून, उन्हात उलगडून मगच आत नेली. एका पेंढीतून खरोखरच एक लहान तांबूस विंचू निघाला. बोटाच्या पेराएवढा तो जीव नांगी वर करून मुरमावर थांबला होता आणि मुलगा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. त्यानंतर पेंढ्या झोडायला त्याला सांगावे लागले नाही. उजेड जवळ, बूट उलटे करून झटकल्याशिवाय पायात नाही, आणि काही चावल्याची नुसती शंका आली तरी मंत्रतंत्र न करता थेट दवाखाना, हे आम्ही मामांशी आधीच बोलून ठेवले होते. त्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. अशा सरावाच्या वेळी अंतर एवढेच असावे.

रात्री मामींनी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा वाढला. भोगीला अजून अवकाश होता, पण "आज तिला लागंल," म्हणून त्यांनी ती आधीच केली होती. झोपण्यापूर्वीचे असे स्निग्ध जेवण हे शरीराच्या शेगडीतले सरपणच आहे, त्यामुळे मी दोन भाकरी अधिक खाल्ल्या. नऊ वाजता आम्ही पाय आधी घालून खोपीत सरकलो. पाचट भरलेल्या पोत्याचा मोठा बोळा करून ठेवला होता, तो डोक्यामागे तोंडाशी ओढून घेतला. वरच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी फट हवेसाठी ठेवली. चादरी आम्ही वेगवेगळ्या न घेता एकावर एक घातल्या आणि पाठीला पाठ लावून झोपलो.

पहिला अर्धा तास थंडच होता. अंथरुणाला तापायला तेवढा वेळ लागतो आणि त्या वेळात धीर सोडू नये. मग खांद्याखालून हळूहळू ऊब चढू लागली, अशी की कुणीतरी खालून हात लावला आहे. ती आमचीच होती, आदल्या रात्री माळाने शोषून घेतलेली आणि आज पाचटाने परत दिलेली. मी मध्यरात्री एकदा जागी झाले ती थंडीने नाही, तर पानाचे एक टोक पोत्यातून येऊन मानेला टोचले म्हणून. पाच वाजता तापमापी पाहिल्या. बाहेर 10 अंश होते, आत आमच्या डोक्यांच्या मध्ये 17. मुलगा गाढ झोपला होता आणि त्याचा हात चादरीबाहेर पडलेला होता.

उजाडल्यावर पाहिले तर छपराच्या बाहेरच्या पानांवर दहिवर दाट बसले होते, बोट फिरवले की ओघळ यायचा. वीतभर आत हात घातला तर पाचट कोरडे ठणठणीत होते. अंथरुणावरचे पोते उचलले तेव्हा खाली दोन लांबट खळगे उमटलेले दिसले, एक माझा आणि एक मुलाचा, आणि दोन्हींच्या मधोमध खुब्यांच्या जागी पाचट सर्वांत जास्त दबलेले. मोजपट्टी लावली: कडेला नऊ इंच, खांद्यापाशी सहा, खुब्याखाली साडेतीन. पहाटे उजव्या खुब्याला जो किंचित गारवा जाणवला होता त्याचे कारण हेच. पुढच्या वेळी कमरेच्या जागी दोन पेंढ्या अधिक घालायच्या, असे मुलाने वहीत लिहून घेतले. दुपारपर्यंत आम्ही खोप उतरवली, तुराट्या खळ्याशेजारी होत्या तशा रचल्या, विंचवाची पेंढी पडली होती तेवढी जागा सोडून उरलेले सगळे पाचट डोक्यावरून फडात नेले आणि सरीसरीने पसरून दिले.